सुहादने भिंतीवर लिहिलं ते

खताच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून माझी चहाची टपरी आहे. इराकमधल्या आमच्या बसऱ्याच्या उन्हाळ्यात वीज गेली की घरांच्या भट्ट्या होतात आणि अर्धा मोहल्ला माझ्याकडे येतो. माझ्या चहासाठी नव्हे, एवढं मलाही कळतं. भिंतीपलीकडच्या कूलिंग टॉवरमधून बारीक तुषार उडतात आणि डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मानेवर पडतात, त्यासाठी. हाजी मुतशर तर त्या तुषारांखालची खुर्ची कुणालाच देत नसे.

त्याची मुलगी सुहाद त्याच टॉवरच्या पाण्याची केमिस्ट. तोंडाने फटकळ, कामाला चोख. आलेली स्थळं परत पाठवून पोरगी पाण्याशीच संसार करतेय, असं हाजी म्हणायचा. धुळीचं मोठं वादळ येऊन आठवडा झाला, तेव्हा ती टपरीवर येऊन बापाच्या मागेच लागली.

“बाबा, उठा इथून. टॉवर धुळीने भरलाय. क्लोरीन घालावं तेवढं ती धूळच खाऊन टाकतेय. आतल्या फळ्यांवर बुळबुळीत थर चढलाय, त्यातले जंतू या तुषारांबरोबर छातीत जातात.”

“मग टॉवर बंद कर ना.”

“मॅनेजर म्हणतो, आधी लॅबचा रिपोर्ट. त्याला दहा दिवस लागतात!”

“मग मीही दहा दिवसांनी उठतो,” म्हणत हाजीने सोंगटी आपटली. सगळे हसले. माझी गिऱ्हाइकं हुसकावणाऱ्या त्या पोरीचा मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी टपरी उघडायला गेलो आणि किल्ली हातातच राहिली. टपरीमागच्या भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरं: ‘हा माणूस कबिल्याला हवा आहे.’ खाली हाजीच्याच कबिल्याचं नाव. आमच्याकडे असं ज्याच्या दारावर लिहितात, त्याच्याकडे रक्ताचं येणं निघत असतं. तिथे गोळी कधीही येते. म्हातारे कोपऱ्यावरूनच परत फिरले. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं, ते आठवत बसलो.

हाजी मात्र तडक आला. “माझ्या कबिल्याचं नाव मला न विचारता कुणी लिहिलं?”

“मी,” मागून सुहाद म्हणाली. तिची बोटं अजून लाल होती.

“अक्कल गहाण टाकलीस का? या गरिबाने आपलं काय केलंय?”

“त्याने काही नाही. पण आता तरी इथे कुणी बसणार नाही.”

तिची मानगूट धरावी असं मला वाटलं. हाजी उत्तर द्यायला गेला आणि त्याला खोकला आला, तो थांबेचना. सुहादने त्याच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

इस्पितळात त्याला ऑक्सिजन लावला. भाऊ, पुतणे जमले. ते कारखान्यात गेले आणि मॅनेजरला घेऊनच आले. भिंतीवरची अक्षरं आता खरी झाली होती.

मॅनेजर घामाघूम. “मला का धरता? टॉवरचं पाणी हिच्या ताब्यात असतं. विचारा हिलाच!”

सगळे तिच्याकडे वळले. याने अडवलं, असं ती म्हणू शकली असती.

“खरं आहे,” ती म्हणाली. “पाणी माझ्या हाताखालचं आहे. येणं माझ्याकडून घ्या.”

घेणारं घर तेच, देणारंही तेच.

हाजीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. “येणं माझं, मीच ठरवणार. पैसा नको, रक्त नको.” त्याला धाप लागली. त्याने मॅनेजरकडे बोट केलं. “टॉवर बंद. ही म्हणेल तेव्हाच चालू.”

मॅनेजरने मान हलवली. सुहाद मास्क नीट बसवायला पुढे झाली, तर हाजीने तिचा हात झिडकारला.

“इथे काय रडतेस? जा, आधी तो टॉवर घास.”

बाप जगेल की नाही, हे ठाऊक नसताना ती निघाली. दारात माझ्यापाशी थांबली.

“काका, मी येईपर्यंत त्यांना एकटं सोडू नका.”

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि हाजीच्या छातीकडे बघत बसलो.