जेवणारा माणूस

सुनयना शेडगे 'हमालाची मुलगी' झाली ती कला महाविद्यालयात गेल्यावर. त्याआधी ती कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहणारी, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड मिळवलेली साधी मुलगी होती. तिच्या आजूबाजूच्या बहुतेक मुलींचे बाप वाशीच्या बाजारातच कामाला होते, त्यामुळे तिथं कोणी कोणाला हमालाची मुलगी म्हणत नसे.

छापण्याचा नाद तिला बाजारातच लागला. वडील सयाजी शेडगे कांदा-बटाटा मार्केटात हमालांच्या टोळीचे मुकादम होते आणि शाळेला सुट्टी असली की ती त्यांचा डबा घेऊन जायची. तिथं गोण्यांवर व्यापाऱ्याचा मार्का उठवत. अक्षरं कापलेला पत्रा गोणीवर ठेवायचा, वरून काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा, पत्रा उचलला की नाव तयार. एका गाळ्यावरच्या माणसानं तिच्या हातात ब्रश दिला. तिनं गोण्या रंगवल्या, फ्रॉकवर शाई सांडली, घरी मार खाल्ला आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा गेली. एकच पत्रा, पण दरवेळी छाप जरा वेगळा येतो, याची तिला मजा वाटे. सुरुवात एवढीच होती. पुढे कॅटलॉग लिहिणाऱ्यांनी त्या सुरुवातीचं 'श्रमाच्या गंधातून उमललेली जाणीव' असं काहीतरी करून टाकलं, कारण मजा वाटली असं लिहून कोणाचं पोट भरत नाही.

महाविद्यालयात तिनं लाकूड कोरून छापचित्रं करायला घेतली. पहिल्या वर्षी वसाहतीच्या गच्चीवरचे डिश अँटेना कोरले, जिन्यातली मांजरं कोरली. छापचित्रं शिकवणाऱ्या सुमेधा मॅडमनी ती पाहून नाक मुरडलं. यात अनुभव नाही, स्वतःच्या जगण्यातून काढ, असं त्या म्हणाल्या. अँटेना आणि मांजरं तिच्या जगण्यात रोज होती, पण ते जगणं मॅडमना चालणारं नव्हतं. मग त्यांनी वडील काय करतात ते विचारलं. मार्केटात असतात, असं सुनयनानं सांगितल्याबरोबर मॅडमचा चेहरा असा उजळला की जणू त्यांनाच बक्षीस लागलं.

झालं. सुनयनानं गोणीखाली वाकलेली पाठ कोरली. तोंड नाही, नुसती पाठ, मानेच्या शिरा आणि वर अवाढव्य गोणी. त्या चित्राला पारितोषिक मिळालं. वाशीत गॅलरी चालवणारे नंदकिशोर ते पाहायला आले, चष्मा काढून डोळे पुसून गेले आणि दुसऱ्या दिवशी अजून पाठी आहेत का, असं विचारायला फोन केला. पाठी नव्हत्या. सुनयनानं केल्या. चढणारी पाठ, उतरणारी पाठ, घामेजलेली पाठ, संध्याकाळची पाठ. तुर्भ्याच्या एका मालवाहतूक कंपनीनं त्यातली सर्वांत मोठी घेतली आणि लिफ्टशेजारी, 'थुंकू नये'च्या पाटीच्या वर टांगली. तिथले साहेब म्हणे रोज तिच्याकडे बघून वर जातात. खाली ट्रक उतरवणारी माणसं लिफ्ट वापरत नाहीत, त्यामुळे त्यांनी ती पाहिली नाही.

यातलं खरं किती, ते सुनयनाला ठाऊक होतं. मुकादम सयाजीरावांनी शेवटची गोणी कधी उचलली, हे त्यांनाही आठवलं नसतं. ते गॉगल लावून खुर्चीत बसत आणि इतरांच्या पाठी मोजत. पण कौतुक गोड असतं. तिनंही ते वर्षानुवर्षं खाल्लं आणि कामोठ्यात भाड्यानं राहून, मुलांचे ड्रॉइंग क्लास घेत पाठी कोरत राहिली.

मग नंदकिशोरांच्या डोक्यात आलं, की नव्या प्रदर्शनाचं उद्घाटन त्या पाठीच्या मालकानंच करावं. सयाजीराव इस्त्रीचा सफारी घालून आले. शाल मिळाली, नारळ मिळाला, माइक मिळाला. हा घाम आहे, या घामावर माझं घर उभं राहिलं, मी बायकोला कधी काही कमी पडू दिलं नाही, असं ते पंधरा मिनिटं बोलले. बायका डोळ्यांना रुमाल लावत होत्या. दुसऱ्या रांगेत सुनयनाची आई राहीबाई बसली होती. तिला टाळ्या वाजवता येईनात. तिचा डावा हात कोपरापासून नीट वळत नाही.

तो सयाजीरावांनीच मोडला होता. सुनयना तेव्हा आठवीत होती. राहीबाईनं नवऱ्याला न विचारता तुर्भ्यात पॅकिंगचं काम धरलं, हे कळलं तसं त्यानं तिचा हात पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज शेजारीही ऐकू गेला असावा, पण वसाहतीत अशा वेळी सगळ्यांचे टीव्ही मोठे होतात. राहीबाई भिंतीला टेकून कण्हत होती. सयाजीराव पाटावर बसले आणि पोरीला म्हणाले, वाढ. तिनं वाढलं. त्यांनी सावकाश जेवण केलं, हात धुतला आणि मग बायकोला दवाखान्यात नेलं.

समारंभानंतर रिक्षात राहीबाई एवढंच म्हणाली, "आज लई बोलले."

सुनयनाची झोप त्या वाक्यानं उडाली. एवढी वर्षं अनुभवाच्या नावानं दुकान मांडलं आणि जो अनुभव होता त्याला हात लावला नाही, याचा तिला इतका राग आला की घरातल्या साऱ्या पाठींच्या फळ्या तिनं उलट्या करून ठेवल्या. त्यांच्याच मागच्या बाजूवर ती नवीन कोरायला बसली. त्या दिवसाचं काढू का, असं आधी आईला विचारलं. राहीबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "खरं हाय ते. काढ. वांग्याचं भरीत व्हतं त्या दिवशी."

चित्रात मांडी घालून जेवणारा माणूस आहे, पुढ्यात भरलेलं ताट आहे. कोपऱ्यात भिंतीला टेकलेली बाई, तिचा हात भलत्याच दिशेला वळलेला. वाढणाऱ्या मुलीचे नुसते पाय दिसतात. पाठ कोणाचीच नाही.

नंदकिशोरांनी ते पाहिलं आणि चष्मा काढला, पण डोळे पुसले नाहीत. काम उत्तम आहे, पण फार वैयक्तिक झालं, असं त्यांचं मत पडलं. शिवाय कष्टकरी माणसाची प्रतिमा मलिन होते, त्याला आपण कारण व्हायचं का? सुमेधा मॅडमनी फोनवर तेच अधिक जड शब्दांत ऐकवलं. ज्यांनी हिच्या जगण्यात हात घालून अनुभव मागितला होता, त्यांना तो मिळाल्यावर हात पुसायला कापड सापडेना. कष्टकऱ्याची पाठ भिंतीवर चालत होती. त्याच कष्टकऱ्याचं तोंड दिसलं तसं सगळ्यांना संस्कार आठवले.

सुनयनानं कामोठ्याच्या क्लासच्या खोलीतच ते चित्र आणि इतर नवी चित्रं लावली. पोरांना सोडायला येणारे पालक बघू लागले. काहींनी पोरांचं नाव काढून घेतलं. काही आया क्लास सुटला तरी चित्रासमोर थांबायच्या.

सयाजीरावांना कोणी कळवलं नव्हतं. पण प्रदर्शन आहे हे कानावर येताच ते मार्केटातल्या दोन मित्रांना घेऊन हजर झाले. गॉगल कपाळावर सरकवला आणि पोरगी केवढी मोठी कलाकार आहे ते सांगत खोलीभर फिरले. जेवणाऱ्या माणसाच्या चित्रापाशी थांबले. मित्रांपैकी एकानं विचारलं, हा कोण?

"असंल गावाकडचा कुनीतरी," सयाजीराव म्हणाले.

राहीबाई दाराशी स्टुलावर बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"ते तुमीच हाय," ती म्हणाली. "माजा हात मोडून जेवताय."

मित्र जमिनीकडे बघू लागले. सयाजीरावांनी गॉगल डोळ्यांवर ओढला. बाईला काय कळतंय, असं काहीतरी पुटपुटले आणि मित्रांच्या आधी जिना उतरले. माणसं घामाविषयी पंधरा मिनिटं बोलू शकतात, हाताविषयी त्यांना एक वाक्य जमत नाही.

राहीबाई त्या संध्याकाळी वसाहतीत परतली नाही. सयाजीरावांनी आठवडाभर वाट पाहिली, नातेवाईक धाडले. ते समाज, अब्रू, उतारवय असे नेहमीचे शब्द घेऊन आले आणि चहा पिऊन गेले. हाताचं मात्र एकानंही विचारलं नाही. आता सयाजीराव साताऱ्याकडे गावी असतात आणि पोरीला बायकोनं बिघडवलं, असं सांगतात. तिथं ते पटणारी माणसं भरपूर आहेत.

राहीबाई लेकीकडेच राहते. सकाळी तुर्भ्याला पॅकिंगच्या कामाला जाते, दुपारी येऊन बेसिनवरचे शाईचे डाग घासते आणि घासताना कुरकुर करते. छापायच्या दिवशी सुनयना कागदाची दोन टोकं धरते आणि तिसरं आई उजव्या हातानं धरते. सध्या फळीवर राहीबाईच आहे, दुपारी तोंड उघडं टाकून झोपलेली. हे कशाला काढलंस, माणसं हसतील, असं तिचं म्हणणं आहे. सुनयना म्हणते, हसू देत.