आई घर बघायला निघाल्या तेव्हा

त्या दिवशी सकाळी शिवडीच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या कुणाचाच इंटरकॉम वाजला नाही. एरवी चहाच्या वेळेला तो वाजायचाच. माझ्या सासूबाई, प्रमिला, मी त्यांना आईच म्हणायचे, या निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. रोज सकाळी आपल्या खोलीतून मजल्यावरच्या प्रत्येकाला फोन लावून, एक्स्चेंजमधल्याच आवाजात त्या विचारायच्या, ‘उठलात का? लाइन चालू आहे ना?’ वयस्कर माणसांच्या इमारतीत एवढं विचारायला कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. तो फोन आला नाही म्हणून समोरच्या डिसोझाबाईंनी मॅनेजरला चावी घेऊन बोलावलं आणि मग मला फोन केला. “वैशाली, आज प्रमिलाने उठवलं नाही गं आम्हाला,” एवढंच त्या बोलल्या आणि मला कळलं... झोपेतच गेल्या होत्या. मी पोचले तेव्हा आदल्या संध्याकाळी हाऊजीत जिंकलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा उशाशी होता, अर्धा संपलेला. डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलं होतं. मी तिथेच कॉटवर बसून रडता रडता हसले.

आता महिना उलटून गेला. लोक भेटायला येतात, चहा घेतात, आईंच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याची आठवण काढतात आणि चपला घालता घालता हळूच विचारतात, “पण त्या तिकडे का राहायच्या गं?” हे ‘तिकडे’ कसं म्हणायचं असतं ते आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. प्रत्येकाला दारात उभं राहून उत्तर देण्याइतका माझा स्वभाव गोड नाही. आईंचा होता. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

लग्न होऊन मी आले ती लालबागच्या चाळीत. आमचं घर मालवणी. दोन खोल्या, बाहेर गॅलरी, आणि दार फक्त झोपताना लावायचं. आई शिफ्टवरून आल्या की चप्पल काढायच्या आधी तीन घरांतल्या बातम्या घेऊनच आत यायच्या. मग चाळ पडली, टॉवर झाला आणि आम्ही एकविसाव्या मजल्यावर गेलो. घर छान आहे, खोटं कशाला बोलू? पण शेजारी कोण राहतं ते दारावरच्या पाटीवरून कळायचं. मी बँकेत, माझा नवरा नितीन कामावर, मुलगा बंगळुरूला. दिवसभर आई आणि टीव्ही. काही दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनी नितीनला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या मातोश्री दुपारभर वॉचमनच्या केबिनमध्ये बसतात. नुसत्या बसत नव्हत्या. त्याचा इंटरकॉम त्यांनी ताब्यात घेतला होता. “गेटवरून बोलतेय, तुमच्याकडे पाहुणे आलेत, वर सोडू का? आणि तुमच्या गुडघ्याचं काय झालं?” असं चालायचं. बऱ्याच जणांना ते आवडायचं, पण कमिटीच्या नियमात बसत नव्हतं.

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी सांगून टाकलं, की मला ज्येष्ठांसाठीच्या इमारती असतात ना, तसली एक जागा बघायची आहे, हातीपायी धड आहे तोवरच. पेन्शन माझी आहे, निर्णयही माझाच. नितीनचा घास हातातच राहिला. “आई, इथे काय कमी आहे तुला?” त्याने विचारलं.

“माणसं,” आई म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

नितीन आठवडाभर नीट बोलला नाही. मीही पहिल्यांदा चिडलेच, कारण याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी बोंबील साफ करत होते, तेव्हा आई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. “मला जायचंय, वैशाली,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्या नावावर जायचं नाही.” सासू घराबाहेर पडली की सुनेने काढली, एवढंच लोकांना कळतं. सून वाईट निघाली म्हटलं की पुढचं काही समजून घ्यावं लागत नाही. आईंना हे पक्कं माहीत होतं. त्यांना तिकडे मोकळं राहायचं होतं आणि इकडे माझं नाव कुणी घ्यायला नको होतं. दोन्ही एकदम कसं जमायचं, हाच प्रश्न होता.

तो त्यांनी सोडवला तो अगदीच उलट्या बाजूने. आमच्या घराण्याचं आकाशवाणी केंद्र म्हणजे भोईवाड्याच्या कुसुमआत्या, आईंची धाकटी नणंद. माणूस प्रेमळ, पण नावं ठेवण्यात हात धरणारं कुणी नाही. मी केस कापले तेव्हा पार्लरमधून मी घरी पोचायच्या आधी बातमी कणकवलीला पोचली होती. अशा आत्याबाईंना आईंनी फोन लावला आणि म्हणाल्या, कुसुम, मला घर बघायचंय, तुझ्याइतकं पारखून बघणारं दुसरं कुणी नाही, तू बरोबर चल. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, त्यापेक्षा पेपरात द्या. आई शांतपणे म्हणाल्या, “पेपरातलं लोक वाचतात आणि विसरतात. कुसुमने पसंत केलं, तर ती जन्मभर त्याच्यासाठी भांडेल.”

मग आमचे रविवार सुरू झाले. मुलगी बघायला जातात तसा थाट. पुढे आई, त्यांच्याबरोबर आत्या, मागे पिशवी धरून मी. मला आईंची सक्त ताकीद होती, की तू तोंड पाडून बसायचं, उत्साह दाखवायचा नाही. ते मला अभिनय न करताच जमत होतं, कारण त्या जाव्यात असं मला मनापासून वाटत नव्हतं. पहिली जागा कर्जतच्याही पुढे. तळं, मोर, लांबच लांब हिरवळ. दाखवणारा मुलगा कौतुकाने सांगत होता, की इथली हवा इतकी शुद्ध आणि शांतता इतकी, की पान पडलेलंसुद्धा ऐकू येतं. आई म्हणाल्या, मग दचकायला होत असेल हो, आणि माझी फुप्फुसं गिरणगावात वाढलेली, त्यांना ही हवा सोसायची नाही. आत्यांनी चारी बाजूंना नजर फिरवून निकाल दिला, “हयसर माणूस मेलो तर पयलो कावळोच येतलो.” परतताना दोघी गाडीत खो खो हसत होत्या.

दुसरी जागा दादरला. संगमरवर, फुलदाण्या, गाणं गुणगुणणारी लिफ्ट. आईंना बरी वाटत होती, तेवढ्यात आत्यांनी विचारलं, की बांगडे भाजायची सोय कुठे? तिथल्या बाईंनी फार मऊ आवाजात सांगितलं, की आमच्याकडे सामिष चालत नाही, सगळ्यांच्या भावना जपाव्या लागतात. “माझ्यो भावना बांगड्यात आसत,” आत्या म्हणाल्या, “तेंचा काय?” आम्ही कोकम सरबत पिऊन बाहेर पडलो. आणखीही एकदोन बघितल्या. एका ठिकाणी म्हाताऱ्यांशी लहान मुलांसारखं बोलत होते, ते आईंना सहन झालं नाही. दुसरीकडे सगळं उत्तम, पण बंद दारं आमच्या टॉवरसारखीच. मला आतून बरंच वाटत होतं, की आता कंटाळतील आणि नाद सोडतील.

शिवडीची इमारत बघितली तेव्हा मी म्हटलंच, हे काय? गल्लीच्या तोंडाशी ट्रकचं गॅरेज, समोर शाळा, मागच्या खिडकीतून गोदीच्या क्रेन. रंग जुना नव्हता, पण डोळ्यांत भरण्यासारखंही काही नव्हतं. मात्र गेटच्या आत खुर्च्या टाकून पाचसहा म्हातारी माणसं रस्ता बघत बसली होती आणि वॉचमनच्या आधी त्यांच्यातल्याच एकीने आम्हाला विचारलं, “कुणाकडे?” आईंचा चेहरा बघायला हवा होता. मुलगी बघायला आलेल्या मुलाने लाजून खाली बघावं, तशा त्या चपलांकडे बघायला लागल्या. पण पसंती आत्यांची हवी होती. आत्यांनी नळ सोडून बघितले, न्हाणीघरातला कठडा हलवून बघितला, स्वयंपाकघरात जाऊन वास घेतला (तिथे सुकट भाजत होते), डॉक्टर कधी येतो, लिफ्ट बंद पडली तर काय, सगळं विचारलं. प्रत्येक गोष्टीत खोट काढली. शेवटी नमुन्याच्या खोलीत गादी कशी आहे बघायला म्हणून कॉटवर बसल्या, मग आडव्या झाल्या... आणि चक्क झोपल्या. घोरायलाच लागल्या. दाखवणारी मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. आईंनी तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, पडदा ओढला आणि खुर्चीत बसून माझ्या कानात म्हणाल्या, “ठरलं.” बाहेर शाळा सुटल्याचा कल्ला, खाली कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय, आणि आत्या आपल्याच घरात असल्यासारख्या गाढ झोपलेल्या. जागं झाल्यावर त्यांनी काही कबूल केलं नाही. “मी गादी बघी होतंय,” म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं ते आईंच्या हिशेबाबरहुकूम. ‘वयनीचा घर मीच बघून दिलंय’ ही बातमी भोईवाड्यातून निघाली ती गावापर्यंत गेली. एका लग्नात नितीनच्या एका चुलत भावाने माझ्याकडे बघून काहीतरी तिरकं बोलायला सुरुवात केली, तर आत्यांनी त्याला जेवणाच्या पंक्तीतच असा सोलला, की त्याने जिलबी न घेताच हात धुतले. माझ्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. नितीनचा रुसवा मात्र आई तिकडे गेल्यावरच उतरला. तो तिकडच्या पडद्यांचे रॉड ठोकायला म्हणून गेला आणि सगळ्या मजल्याचे ठोकून आला. पुढे तो मध्येच भेटायला गेला, की आई कॅरमवरून मान वर न करता सांगायच्या, बस जरा, क्वीन बाकी आहे. रविवारी आमच्याकडे जेवायला यायच्या, तर पाचच्या सुमाराला घड्याळाकडे बघायला लागायच्या. मला वाईट वाटायचं. घरात जागा जास्त झाली होती आणि ती जास्तीची जागा मला नको होती. कामावरून आल्यावर बोलायला, भांडायला, कुणाची तरी टिंगल करायला माझं माणूस तेच होतं. त्या जिवंत असतानाच मला त्यांची फार आठवण यायची. सांगायची सोय नव्हती, कारण सगळ्यांना वाटायचं, सुटली बिचारी.

गेल्या रविवारी मी त्यांची खोली आवरायला गेले. नितीनला जमेना, तो गेटवरच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्यांत बसून राहिला. कुसुमआत्या न बोलावता आल्या होत्या. आम्ही दोघी साड्यांच्या घड्या घालत होतो. डिसोझाबाई येऊन चहा देऊन गेल्या. आणि मला काय वाटलं कोण जाणे, आई गेल्यावर आता लपवून काय करायचं म्हणून मी आत्यांना सांगून टाकलं, की आत्या, रागावू नका, पण आईंनी तुम्हाला घर बघायला का नेलं होतं माहीत आहे का... मी वाक्य पुरं करायच्या आधीच त्या हसायला लागल्या.

“तुका काय वाटला, माका कळाक नाय? माझा तोंड सगळ्यात मोठा, म्हणान न्हेल्यान वयनीन माका. पयल्याच रविवारी कळला.”

मी विचारलं, मग काही बोलला का नाहीत? आत्यांनी हातातली साडी मांडीवर ठेवली.

“माझ्या लग्नाचा घर बापाशीन बघल्यान,” त्या म्हणाल्या. “भोईवाड्याची खोली घोवान बघल्यान. आता नवीन फ्लॅट मिळालो, तो लॉटरीत इलो. उभ्या जन्मात तुझी सासूच एक, तिना इचारल्यान, कुसुम, तुका हयसर बरा वाटता काय? ती कित्याक इचारता, ता कळान माका काय करूचा होता?”

आम्ही दोघी रडलो, चांगल्या मोठ्याने रडलो, आणि मग आत्यांनीच आधी डोळे पुसले, कारण चहावर साय धरत होती. कप रिकामा करून त्यांनी खोलीत एक फेरी मारली, नळ सोडून बंद केला, न्हाणीघरातला कठडा हलवून बघितला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, की पुढच्या रविवारी तुला वेळ आहे का. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाल्या, त्यांना स्वतःसाठी जागा बघायची आहे. हीच घ्यायची असं काही नाही, चार बघून मग ठरवायचं. घरी अजून कुणाला बोलल्या नव्हत्या.

“पण माझ्या सुनेचा नाव येता कामा नये,” आत्या म्हणाल्या. “म्हणान तू चल. नावा ठेवण्यात तू काय माझ्यापेक्षा कमी नाय.”

नितीन वर आला तेव्हा आम्ही दोघी रिकाम्या कॉटवर बसून, कुठली जागा आधी बघायची यावरून भांडत होतो.