उजव्या मांडीचा पट्टा

पार्सल आलं तेव्हा दार आईने उघडलं. खोकं भलंमोठं होतं, आणि ते तीन मजले चढवून आणताना कुरियरवाल्याने आमच्या सगळ्या बिल्डिंगचा उद्धार केला होता.

"क्या है अम्मा इसमें?"

"पॅराशूट," आई म्हणाली. "बेटी का."

"काइकू?"

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. तिचाही प्रश्न तोच होता, फक्त तिने तो विचारून विचारून सोडून दिला होता.

कंपनीने मला काही महिन्यांसाठी थायलंडला पाठवलं होतं. तिथे एका शनिवारी सोबतच्यांच्या नादाने विमानातून उडी मारली आणि कामातून गेले. पुढे सगळ्या सुट्ट्या त्यातच घालवल्या, परवाना मिळवला. पण दर वेळी सामान भाड्याचं, आणि तेही पुरुषांच्या मापाचं. माझ्यासारख्या बुटकीच्या खांद्यावरून त्याचे पट्टे ओघळतात, आणि हजारो फुटांवर पट्टा ओघळणं ही काही गंमत नसते. मला स्वतःची रिग हवी होती. रिग म्हणजे पाठीवरची पिशवी, अंगाला आवळायचे पट्टे, एक मुख्य पॅराशूट आणि त्याने दगा दिला तर दुसरं राखीव. नवी घ्यायची तर तेवढ्यात एक बरी कार येते. जुनी घ्यायची तर ती आपल्याच मापाच्या बाईने वापरलेली हवी. अशी बाई हैदराबादेत कुठून मिळणार?

मिळाली ती जर्मनीत. तिची रिग जांभळी-पोपटी, डोळ्यांना टोचणारी होती, म्हणूनच मला परवडली. तिने लिहिलं होतं, मुलगी झाल्यापासून विमानाच्या दारात उभं राहायला धीर होत नाही, म्हणून विकते आहे. मला तिची जरा कीवच आली. पैसे देण्याआधी तिथल्या जाणकाराकडून सगळं तपासून घेतलं. त्याचा दाखला रिगसोबत आला. मधे कस्टमवाल्यांनी अडवून ठेवली होती. हे घालून बाईसाहेब नेमक्या जाणार कुठे, या प्रश्नाला मी फोनवर इतक्यांदा उत्तर दिलं की तोंडून शिवी निघायचीच बाकी होती.

आई चिक्कडपल्लीच्या मुलींच्या शाळेत केमिस्ट्री शिकवायची. बाबा सिटी कोर्टात कारकून होते. मी सातवीत असताना मलकपेठच्या पुलाखाली त्यांच्या स्कूटरचा ब्रेक लागला नाही. ब्रेक सैल झालाय, दाखवून घ्या, असं आई त्यांना किती दिवस सांगत होती, आणि ते उद्या-परवा करत राहिले. तेव्हापासून आई गॅस बंद केला तरी बटण पुन्हा पुन्हा फिरवून बघते. घरातल्या फिनेलवर, बाथरूमच्या अ‍ॅसिडवर, झुरळांच्या औषधावर, प्रत्येक बाटलीवर लाल नेलपॉलिशची खूण करते. ही शाळेच्या प्रयोगशाळेतली सवय. नखांना तिने ते कधी लावलं नाही. एवढ्या जपणाऱ्या बाईच्या पोटी मी आले, हौसेने विमानातून उड्या मारणारी.

पार्सल फोडून मी हॉलमधला सोफा सरकवला आणि पॅराशूट पसरलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मी तिला ओढून आणलं आणि एक पट्टा तिच्या हातात दिला.

"बघ. याला कार टांगली तरी तुटणार नाही."

तिने तो बोटांत धरून उलटासुलटा केला. "नायलॉन का गं?"

"हौ."

"घालायच्या आधी कुणी बघतं का हे?"

"रिगर म्हणून एक माणूस असतो, परवानावाला. पण हिचा दाखला अजून चालू आहे. आत्ता कशाला उगीच खर्च?"

"खर्च होऊ दे. दाखवून घे."

"घेईन गं, उद्या-परवा."

शब्द तोंडातून गेला आणि मग मला तो ऐकू आला. आई आत गेली. त्यानंतर तिने उडीचं नावही काढलं नाही, आणि मी रिग माझ्या खोलीत कपाटाशेजारी ठेवून दिली.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी विळी, कात्री, शिलाई मशीन, माझा लॅपटॉप, खाली लावलेली कार, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मी आंघोळ करून बाहेर आले तर पाटावर रिग होती. न सांगता, न विचारता आईने ती स्वतः उचलून आणली होती. वर झेंडूचा हार, इथल्या रिवाजाप्रमाणे कुंकू भरलेल्या लिंबाच्या फोडी, आणि सगळ्या पट्ट्यांना कुंकू. उजव्या मांडीच्या पट्ट्यावर तर एवढं थापलं होतं की खालचा पोपटी रंग दिसेना.

"आई, केवढं कुंकू! आणि लिंबू कशाला? आंबट चालत नाही याला."

"असू दे. राहू दे तसंच."

मला एकदम भरून आलं. इतके दिवस तोंड फिरवून बसलेली बाई शेवटी माझ्या बाजूला आली, असं मला वाटलं. मी वाकून नमस्कार केला. तिने डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवशीच मी ऑफिसमध्ये रजा टाकली.

उडी मारायची होती कर्नाटकातल्या एका जुन्या धावपट्टीवर. निघायच्या आधी मी ओलं फडकं घेऊन कुंकू पुसायला बसले. बाकी सगळीकडचं निघालं. तो एक पट्टा मात्र लालच राहिला, आणि हाताला कडक लागायला लागला. हे त्या लिंबाने केलं, असं ठरवून मी आईच्या देवभोळेपणावर चरफडले. तपासणीचे पैसे वाचवायचं माझ्या मनात पक्कं होतं. पण असला डाग घेऊन विमानात बसायला जीव धजेना, म्हणून तिथे पोचल्यावर रिगरला तेवढा पट्टा दाखवला.

रिगर फौजेतून निवृत्त झालेला होता, कमी बोलणारा. त्याने पट्टा घेऊन मधोमध दुमडला. धागे उस्मानिया बिस्किटासारखे भुरभुरत त्याच्या पँटवर पडले.

"क्या गिरा था इस पर?"

"नींबू. घर में पूजा की थी."

"नींबू से नायलॉन का कुछ नहीं बिगड़ता," तो म्हणाला. "ये एसिड है. बाथरूम वाला." मग त्याने विचारलं, "घर में कौन कौन हैं?"

"मम्मी."

त्याने माझी परवानगी घेतली आणि मोठ्या कात्रीने सगळे पट्टे कापून टाकले, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ते अंगाला बांधू नयेत. पॅराशूट उघडताना सगळा झटका मांड्यांच्या पट्ट्यांवर येतो. तो पट्टा तुटला असता तर मी खालून निसटले असते, आणि पॅराशूट वर छान उघडलेलं राहिलं असतं. मग कापलेला लाल पट्टा पिशवीत घालून बसस्टँडवर आले.

रविवारी दुपारी घरी पोचले तेव्हा आई पप्पूला फोडणी देत होती. आम्ही वरणाला पप्पूच म्हणतो. मी पट्टा ओट्यावर ठेवला. तिने तो पाहिला आणि तिचे खांदे एकदम खाली आले. इतक्या दिवसांत ते वर चढलेले होते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"दाखवलास," ती म्हणाली.

"हौ."

"बरं झालं."

"मी मेले असते, आई."

"म्हणून तर एवढं कुंकू लावलं." वर्गात बोलायची तशी ती बोलत होती, शांत, मला समजेल असं. "खूण केल्याशिवाय मी आयुष्यात अ‍ॅसिडला हात लावलेला नाही. तुझ्या बाबांना तोंडाने सांगितलं होतं. तोंडाने सांगून काय झालं? तूही उद्या-परवाच म्हणालीस."

"आणि मी नसता दाखवला तर? पुसून तशीच वर गेले असते तर?"

तिने गॅस बंद केला. बटण फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवून पाहिलं. मी उत्तराची वाट बघत उभी होते, आणि ती त्या बटणावरचा हात काढत नव्हती.

"जेवून घे," शेवटी ती म्हणाली. "परेशान होऊन आलीस."

मला राग यायला हवा होता. तो आलाही, पण नंतर, आणि अजून गेलेला नाही. त्या घटकेला मला फक्त भीती वाटली. आईची भीती. ती मला कधी वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

तिने ताट वाढलं. भात, पप्पू, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मी हात धुऊन टेबलापाशी बसले आणि ताटाकडे बघत राहिले. भूक होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. हात पुढे जाईना.

आईच्या ते लक्षात आलं. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली, माझं ताट स्वतःकडे घेतलं, भाताचा, पप्पूचा, भाजीचा एकेक घास खाल्ला, आणि ताट परत माझ्यापुढे सरकवलं.