गटार शाबूत आहे

नागपुरात सदरच्या बाजारात मी भाजीची पाटी घेऊन बसायचे तेव्हा बंगल्यांतल्या बायका पालकाची जुडी नाकाशी नेऊन विचारायच्या, "गटाराच्या पाण्यावरची तर नाही ना?" मी म्हणायचे, "आहे ना जी. तुमच्याच घरच्या पाण्यावरची." त्यांना ती थट्टा वाटायची. हसत हसत जास्तीची जुडी घ्यायच्या आणि वर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या फुकट मागायच्या. थट्टा कसली, मी खरं तेच सांगत होते. सगळ्या शहरानं आंघोळी करायच्या, भांडी घासायची, बाकी जे करायचं ते करायचं, आणि ते पाणी ज्यांच्या वावरात जातं त्यांच्याकडे पाहून नाक दाबायचं. ह्याचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आज सत्तरी उलटल्यावरही येतो.

माझं माहेर सावनेरकडचं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा वडिलांनी ठरवलं की पोरगी द्यायची ती जिथे पाणी आटत नाही तिथेच. असं एकच पाणी त्यांना ठाऊक होतं. नागपूरच्या पूर्वेला, उतारावर, शहराचं मोठं गटार जमिनीखालून बाहेर निघायचं. तोंडाशी, वावरांकडे जाणाऱ्या फाट्यावर लोखंडी दार होतं; ते बंद असलं की पाणी सरळ नदीला जायचं. ड्रेनेज ऑफिसचा माणूस ते उघडायचा आणि आसपासच्या शेतकऱ्यांना पाळीपाळीनं पाणी मिळायचं. चोरून नाही, राजरोस, ऑफिसच्या परवानगीनं. त्या पाण्यावर माझ्या सासरचा पालक, मेथी, फुलकोबी असं काही यायचं की बाजारात दुसऱ्याची भाजी त्याच्या शेजारी ठेवायला लाज वाटावी.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, आमचे हे आणि मी. सासरे लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे वावर सासूबाईंचंच. पहिला महिना मला जेवण जाईना. ताटात भाजी आली की मी ती बाजूला सारायचे. सासूबाई म्हणाल्या, "वावराले नाक नसते वं पोरी. खाऊन पाह्य, मग सांग मले." खाल्ली. माहेरच्या विहिरीवरच्या भाजीला ती चव नव्हती, हे कबूल करायला मला बरेच दिवस लागले.

सासूबाई शहरात फारशा जात नसत, पण शहरात काय चाललंय ते पाण्यावरून सांगायच्या. पाण्याला उटण्याचा वास आला की दिवाळी. शिकेकाईचा फेस आला की रविवार. पितृपक्षात पाणी पांढुरकं, पेजेसारखं व्हायचं. आणि होळीला रंगीत यायचं, हिरवं, जांभळं, कधी सोनेरी. ते तेवढे दिवस आम्ही दांडाचं, म्हणजे वावरात पाणी आणणाऱ्या पाटाचं, तोंड माती घालून बुजवायचो, पाणी वावरात घ्यायचो नाही, सरळ नदीकडे जाऊ द्यायचो. बाकीचे शेतकरी शिव्या घालत. सासूबाई म्हणायच्या, "खेळू द्या ना गा पोट्ट्यायले. वर्षातून एकदा तं येते होळी."

त्यांची आणखी एक रीत सांगायला हवी. कागदाला पाय लागू द्यायच्या नाहीत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जुड्या बांधता बांधता माझा पाय वर्तमानपत्राच्या तुकड्याला लागला, तर त्यांनी मला तो उचलून कपाळाला लावायला लावला. "सरस्वती आहे ते." स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद असो की सिनेमाची जाहिरात, पाय लागला की त्यांचा हात आपोआप खाली जायचा आणि तिथून कपाळावर.

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्या होळीला पाणी पिवळं आलं. रोजचा गढूळपणा नव्हे, झळझळीत पिवळं. आम्ही नेहमीप्रमाणे दांड बुजवला. रंगपंचमी गेली तरी पाणी पिवळंच. सासूबाई म्हणाल्या, यंदा पोट्ट्यांनी पक्का रंग आणलेला दिसतो, भिंतीवरून धुतला जाऊन राहिला असेल. आम्हालाही ते पटलं, आम्ही हसलोसुद्धा. इकडे ऊन चढत होतं, पालक माना टाकत होता. आणखी किती थांबणार? सासूबाईंनी दांड फोडला आणि पिवळं पाणी वाफ्यांत घेतलं.

पाणी वळवायचं काम त्या कुणाला करू देत नसत. फावडं घेऊन अनवाणी दांडात उभ्या राहायच्या आणि एक वाफा भरला की दुसऱ्याचं तोंड उघडायच्या. वाफा भरला की नाही ते पायाला कळतं म्हणायच्या. त्या पिवळ्या पाण्यात त्या अशाच उभ्या राहिल्या, गुढीपाडव्यापर्यंत आणि पाडव्यानंतरही.

आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग घोट्यापाशी बारीक फोड आले, ते फुटले आणि त्यांची भोकं झाली, ज्वारीच्या दाण्याएवढी, कडा टणक आणि आत खोल. आणि दुखायचंही फारसं नाही, ह्याचीच मला भीती वाटायची. हळद झाली, कडुनिंबाचा पाला झाला, डॉक्टरचं मलम झालं. डॉक्टरनं विचारलं, "कारखान्यात काम करता का?" सासूबाई हसल्या. तोवर पालकाच्या कडा करपल्या होत्या. उपटून पाहिला तर मुळं काळी.

तेव्हा कुठे आम्हाला कळलं की हा होळीचा रंग नाही. आमचे हे गटार साफ करणाऱ्यांच्या जमादाराला घेऊन शहरात गेले. दोघांनी रस्त्यातली झाकणं एकेक करून उघडली आणि पिवळं पाणी कुठून येतं त्याचा माग काढत गेले. एका झाकणाखाली ते मिळालं. शेजारी पत्र्याची शेड होती. आत सायकलींच्या हँडलना आणि नळाच्या तोट्यांना तेजाबाच्या हौदात बुडवून चकाकी आणायचं काम नुकतंच सुरू झालेलं. मालकानं ह्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "आमचं कनेक्शन कायदेशीर आहे. आम्ही पाणी रस्त्यावर सोडत नाही, गटारात सोडतो. पुढे ते कुठे जातं ते आम्हाला काय माहीत?" हे घरी आले ते हात बांधल्यासारखे. चहा पाजणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे त्यांना कधी जमलंच नाही. मला जमलं असतं.

मग ड्रेनेज ऑफिसात अर्ज केला. आज साहेब नाहीत, उद्या फाइल नाही, परवा साहेब आणि फाइल दोन्ही आहेत पण मीटिंग आहे. अशा फेऱ्या मारता मारता मे महिना उजाडला आणि एकदाचं बोलावणं आलं. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. पायांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून, माझ्या खांद्याला धरून, ह्यांच्या मागोमाग त्या ऑफिसचा जिना चढल्या.

साहेब दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या देता आल्या असत्या. त्यानं आम्हाला बसवलं, शिपायाकडून माठातलं पाणी मागवलं. आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "होळीचा रंग असेल, बाई."

"होळी होऊन दोन महिने झाले, सायेब," सासूबाई म्हणाल्या.

"हल्ली पक्के रंग येतात. धुतले जायला वेळ लागतो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांचंच वाक्य होतं. त्यांनी ते पोरांच्या मायेनं म्हटलं होतं आणि हा माणूस तेच त्यांच्या तोंडावर दार लावायला वापरत होता. मी म्हणाले, "साहेब, हे स्वतः कारखाना पाहून आले. जमादारानं झाकण उघडून दाखवलं आहे."

तेव्हा त्यानं कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. चष्मा लावून त्यातलं इंग्रजी तो आम्हाला मराठीत समजावून सांगू लागला. सार्वजनिक गटारात काय सोडायचं नाही, तर चिंध्या नाहीत, शेण नाही, राख नाही, उकळतं पाणी नाही. ज्यानं गटार तुंबेल ते नाही, ज्यानं गटार फुटेल ते नाही, गटाराला खाऊन टाकेल असं तेजाब नाही. तेजाब शब्द ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, पुस्तकात आहे. लिहिलेलं आहे. आता काय करतो ते बघू.

त्यानं पुस्तक उघडंच टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तुमच्या अर्जावर आम्ही माणसं पाठवली होती. त्यांनी सगळी लाइन तपासली. विटा ठीक आहेत, सांधे ठीक आहेत. कुठे तुंबलेलं नाही, कुठे गळत नाही. गटार शाबूत आहे. त्यामुळे नियमाचा भंग झाला असं म्हणता येत नाही."

मी ते दोनदा विचारलं, कारण माझा कानांवर विश्वास बसेना. हो, म्हणाला, हे नियम गटाराच्या रक्षणासाठी आहेत. गटार संपतं तिथे नियम संपतो. पुढचं आमच्याकडे येत नाही.

असला राग मला जन्मात आला नव्हता. ज्या कुणी ते पुस्तक लिहिलं त्यानं शेण आठवून लिहिलं, राख आठवून लिहिली, विटेची काळजी केली, सांध्यातल्या चुन्याची काळजी केली. गटाराच्या तोंडाशी माणसं उभी असतात, त्यांना पाय असतात, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. मी उठून काहीतरी बोलणार होते. काय, ते आज आठवत नाही, पण चांगलं खासच नव्हतं.

सासूबाई माझ्या आधी उठल्या. एका हातानं माझा खांदा धरला, दुसऱ्या हातानं पायाची चिंधी सोडली, आणि तो पाय उचलून त्या उघड्या पुस्तकावर ठेवला.

"तुमचं गटार वाचलं, सायेब. चांगलं झालं. आता पाहा बरं याच्यात, माह्या पायाचं काही लिवलं आहे का."

साहेबानं खुर्ची मागे सरकवली. आमचे हे भिंतीकडे बघू लागले. पायातून पाणी झरत होतं, पानावर ओला डाग पसरत होता. साहेब म्हणाला, "बाई, पाय खाली घ्या. सरकारी कागद आहेत." शिपायानं खुर्च्या पुसायच्या फडक्यानं पान पुसलं.

आणि निघताना काय झालं? सासूबाई दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या, वाकून त्या पुस्तकाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. मी तिथेच ओरडले, "आत्याबाई, काहून?" त्या म्हणाल्या, "पाय लागला ना वं." जिन्यावरून खाली उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. माफी त्या पुस्तकानं मागायची होती.

पावसाच्या तोंडाशी हुकूम आला. आम्हाला वाटलं, साहेबाला लाज वाटली, कारखान्यावर काहीतरी आलं. ऑफिसचा माणूस सायकलवरून कागद घेऊन आला, आमच्या ह्यांनी सही केली, आणि अंगणात उभं राहून मी तो मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं की ह्या पाण्याच्या वापरानं एका शेतकरी स्त्रीच्या पायांना इजा झाल्याचं कार्यालयाच्या प्रत्यक्ष पाहण्यात आलं आहे. सबब, लोकांच्या आरोग्याच्या हितासाठी शेतीला पाणी देणं बंद करण्यात येत आहे. कारखान्याचं नाव नाही. तेजाबाचं नाव नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर संन्याशाच्याच अंगावरचे वळ दाखवून त्याला फासावर चढवलं होतं. लोखंडी दाराला त्याच दिवशी कुलूप लागलं. पिवळं पाणी आमच्या बांधाशेजारून जात राहिलं, थेट नदीला, आणि नदीकाठच्या गावांना कुणी हुकूमही धाडला नाही.

वाचून झाल्यावर ह्यांनी कागद माझ्या हातातून ओढला आणि फेकून दिला. भांडता न येणाऱ्या माणसाचा तेवढाच राग. कागद अंगणात, वावराकडे जायच्या वाटेवर पडला.

सासूबाई उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होत्या. "काय म्हणते?" त्यांनी विचारलं. मी सोप्या शब्दांत पुन्हा सांगितलं. तुमचे पाय पाहून पाणी बंद केलं म्हणे. त्या भिंतीला धरून उठल्या. मग सवयीनं कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि वावराकडे निघाल्या, जणू पाण्याच्या पाळीची वेळ झाली होती. वाटेवर त्यांचा पाय त्या कागदावर पडला. कागद चिंधीला चिकटून थोडा फरफटला आणि सुटला. त्या थांबल्या, खाली पाहिलं.

मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. हात फावड्यावरून हलला नाही. त्या तशाच पुढे गेल्या.