सासूच्या मुठीतला पदर

परवा माझ्या उजव्या हाताला प्लास्टर घातलं, आणि त्याच्या ओल्या वासाने मला भूकंपानंतरचा लातूरचा दवाखाना आठवला. भिंतीखाली सापडून माझ्या सासूचं मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजन टांगून तिला खाटेवर निजवलं होतं, आणि वजन काढलं तर हाड सरकेल, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. जमीन पुन्हा हलली तर काय करायचं, ते कोणीच सांगितलं नव्हतं. एका दुपारी खिडकीच्या काचा थरथरल्या. "पळा, हललं!" असं कोणीतरी ओरडलं आणि पेशंटजवळच्या बाया जिन्याकडे धावल्या. एक तर हातात लघवीचं भांडं घेऊनच पळाली. मी मात्र खाटेजवळ उभीच राहिले. वजन सोडावं की राहू द्यावं, थांबावं की पळावं, मला काही सुचेना. सासू म्हणाली, "पळ की गं! माझं काय ऱ्हायलंय? तुझी लेकरं हायत तिकडं पत्र्याच्या शेडात." मी म्हणाले, "अन् तुमाला टाकून जाऊ व्हय, आत्याबाई?" "जा म्हन्ते ना!" ती खेकसली, पण माझा पदर तिच्याच मुठीत होता आणि ती मूठ सुटेना. तेवढ्यात सिस्टर हसत आली. "ट्रक गेलाय बायांनो, या माघारी." मग मूठ सुटली. सासूचं तोंड खरं होतं की हात, ते मला अजून कळलेलं नाही. काल सून मला भरवत होती. मी म्हणाले, "जा गं, तुझी कामं पडलीत." ती म्हणाली, "जाते की, आधी माझा हात तर सोडा, आत्याबाई."