ताईला गेलेला होकार

घरात हे कुणालाही ठाऊक नाही. सांगायला बसलो की स्वतःचाच वैताग येतो — पण ताई गेल्यापासून लोक भेटायला येतात आणि माझं कौतुक करतात, ते आता ऐकवत नाही. ‘त्या म्हणायच्या, भाऊ मला कधी नाही म्हणत नाही.’

नव्हतोच म्हणत. कसा, ते ऐका.

ताई वसईजवळच्या निर्मळ गावात राहायची, मी बोळिंजला. ऑफिसच्या वेळेत तिचे फोन यायचे, म्हणून मीच तिला मोबाइलवरचं कॅलेंडर शिकवलं — फोन करू नकोस, आमंत्रण पाठव. मग काय! केळफुलाची भाजी केली, आमंत्रण. सोनचाफा फुलला, आमंत्रण. साहेबांसमोर बसलेलो असताना स्क्रीनवर तिची भाजी! ‘नाही’ पाठवलं की संध्याकाळी विचारायची, ‘का रे, रागावलास?’ काय सांगणार? शेवटी वैतागून सेटिंगमध्ये शिरलो आणि नियमच घालून ठेवला — ताईकडून काहीही आलं की ‘हो, येतो’ असं उत्तर आपोआप जावं, आणि मला ते दिसूही नये. मागाहून तिने विचारलंच, तर ‘अडकलो गं’ म्हटलं की भागायचं.

आणि एकदा तिने तपासणीचं आमंत्रण पाठवलं. पोटात दुर्बीण घालणार होते, गुंगीचं औषध देणार होते — सोबत माणूस हवं. शेजारची मार्था यायला तयार होती. ताई तिला म्हणाली, ‘कशाला तुझा खाडा? भाऊ येतोय. लगेच हो आलं त्याचं.’

दुपारपर्यंत ती दवाखान्याच्या बाकावर उपाशी बसून होती. मला फोन केला नाही — ऑफिसच्या वेळेत करू नकोस, असं मीच सांगितलं होतं ना? सोबत कुणी नाही म्हणून तिला परत पाठवलं. पुढची तारीख महिन्याने मिळाली. दुखणं त्या महिन्यात पसरलं, की आधीच पसरलेलं होतं? मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचं धाडस मी केलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, ‘ताई, सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला गं.’

बिघाड कसला? सांगितलं होतं तसंच ते वागलं होतं.

तिने विश्वास ठेवला. पुढे प्रत्येक तारखेच्या आधी ती मुद्दाम फोन करायची, ‘अरे, तू येतोयस, की तुझं मशीनच येतंय?’ आणि मी तिच्याबरोबर हसायचो — त्या मशीनला नावं ठेवत.