दाव्यासकट मोटार

बिराप्पा धनगराला मोटारीतलं काही कळत नव्हतं, आणि ते तो स्वतःच सांगायचा. त्याला कळायचं बैलातलं. वडूजच्या आसपास कुणी बैल घ्यायचा म्हटलं, की बिराप्पा विकणाऱ्याच्या गावी जायचा आणि शेजारच्या घरी पाणी मागायचा. मालक खोटं बोलतो, शेजाऱ्याला मात्र खरं सांगितल्याशिवाय अन्न पचत नाही, असं त्याचं मत. माझंही तेच आहे.

लढाई संपली आणि अर्जुना घरी आला. लष्करात लॉरी चालवून आलेला गडी, त्याला नांगरामागं चालणं जमेना. वडूज ते कराड भाड्याची मोटार चालवायची म्हणून त्यानं बैलजोडी विकून टाकली आणि मलकापूरच्या भाऊसोंची जुनी मोटार ठरवली. इंजिन स्वतः तपासलं. उत्तम होतं.

पण त्याची आई धोंडुबाई अडून बसली. "बिराप्पानं व्हय म्हटल्याबिगर ती दारात आणायची न्हाई."

दावण रिकामी झालेली. मोटार आली नाही, तर अर्जुनाला दुसऱ्याच्या बांधाला मजुरीला जावं लागणार होतं. तो मुकाट्यानं बिराप्पाला घेऊन मलकापूरला गेला.

बिराप्पानं मोटारीभोवती एक फेरी मारली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्या अंबूबाईकडं पाणी प्यायला गेला.

"गाडीला नाव ठिवाय जागा न्हाई," अंबूबाई म्हणाली. "भाऊसोची बायको, रंगूबाई, लय आजारी पडली तवा हिच्यातनंच मिरजंला नेली. वाटंत कुठं बी अडली न्हाई. गाडी दवाखान्यात पोचली. रंगूबाई न्हाई पोचली."

बिराप्पा परत आला, तेव्हा भाऊसो मोटारीत सामान भरत होते. जादा चाक, हँडल, तेलाचा डबा, पुसायची फडकीसुद्धा.

आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं कुणी देत नाही. दावं घरात राहिलं, की घराची बरकत राहते. दाव्यासकट देणाऱ्याला त्या जनावराची आठवणही नको असते, आणि तसलं जनावर नव्या दारात रमत नाही.

"न्हाई घ्यायची," बिराप्पा म्हणाला.

अर्जुना भडकला. "आवं, मोटार हाय ही! हिला कुठलं दावं?"

"मालकानं काय तरी ठिवून घ्यावं. मग न्यावी."

"मला हिचं काय बी नको," भाऊसो म्हणाले.

मग तिघंही बसून राहिले. ओसरीवरचं ऊन अंगणात उतरलं. अर्जुना रडायचा तेवढा बाकी होता. बिराप्पा तंबाखू मळत होता. असल्या माणसाला काय म्हणावं, मला तर कळत नाही.

शेवटी भाऊसो उठले. मोटारीच्या दारापाशी रबरी फुग्याचा भोंगा होता. "आमची मंडळी मोटारीत बसली, की वाटंत माणूस असू दे नसू दे, हे वाजवीत सुटायची," ते म्हणाले. "लय डोकं उठवायची." त्यांनी भोंगा सोडवला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसतच राहिले.

"आता न्या," ते म्हणाले.

मोटार वडूजला आली, पण बिनभोंग्याची. ज्यानं घोळ घातला त्यानंच निस्तरावा, म्हणून अर्जुनानं बिराप्पाला पुढं बसवलं. मेंढरं हाकून तयार झालेला गळा. "हुर्र, हो बाजूला!" करत तो थेट कराडपर्यंत ओरडायचा. म्हशीसुद्धा वाट सोडायच्या. लोक त्यालाच भोंगा म्हणायला लागले आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

कराडच्या पुढचं भाडं मिळालं, की मलकापूर लागायचं. तिथं मात्र बिराप्पा गप्प बसायचा. अर्जुना मोटार हळू करायचा, आणि भाऊसोंच्या ओसरीवरनं भोंगा वाजायचा.